रक्तात न दिसणारी बहीण

दवाखान्यातली संशोधक पोरगी फार गोड बोलायची, तिथंच आजीला संशय आला. जिना चढताना नातीचे पाय का गळतात हे शोधायला डासांना लाजवेल इतकं रक्त नेलं, आज जाड सुई घेऊन नातीच्या मांडीतल्या स्नायूचा तुकडा मागायला हजर! “त्या रक्ताचं काय लोणचं घातलंस?” आजीनं फटकारलं. “आजी, दोन जनुकं, बहिणी-बहिणीच समजा. थोरली रक्तात राबते, धाकटी स्नायूत. रक्तात धाकटी झोपलेलीच दिसणार. बिघाड कुणात आहे ते दोन्हीकडे ताडून पाहायचंय.” “त्यानं ही बरी होईल?” पोरीनं सुई खाली ठेवली. “ही कदाचित नाही. पुढची कुणी तरी होईल.” “देऊ दे गं आजी,” नात म्हणाली. आजीनं पोरीला न्याहाळलं. “पहिल्यांदाच साखर न पेरता बोललीस. तुकडा मिळेल, पण आधी माझ्या मांडीत सुई खुपस; किती दुखतं कळू दे, मग हिला हात लाव!”