साडेदहाचे पाहुणे

पाहुणे बाहेर बसलेले असताना आपण ओट्याशी अडकायचं नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं. म्हणून ब्रेडचे तुकडे, फेटलेली अंडी, दूध, चीज असं सगळं आदल्या दिवशीच ट्रेमध्ये लावून तिने फ्रिजमध्ये ठेवलं. रविवारी सकाळी नुसता ओव्हन लावायचा. येणारे नवरा-बायको म्हणजे तिच्या मुलाच्या गाडीखाली सापडून गेलेल्या पोराचे आईवडील. मुलगा तुरुंगात शिक्षा भोगत होता, तरी त्यांची समोरासमोर माफी मागितल्याशिवाय तिच्या जिवाला चैन नव्हतं. चार वेळा फोन केला, तेव्हा कुठे ते यायला तयार झाले.

ते आले, बसले. वडिलांनी एक घास खाल्ला आणि बशी खाली ठेवली. आईने मात्र अख्खा तुकडा संपवला. ते बघून हिच्या जिवात जीव आला.

"छान झालंय," ती आई म्हणाली. "तुमच्या मुलाला आवडतं?"

"हो, फार."

"किती वर्षं राहिलीत त्याची?"

"चार."

"म्हणजे चार वर्षांनी कराल की त्याच्यासाठी." आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "आमच्याकडे रविवारी आता काहीच होत नाही."

हिची आठवडाभर घोकलेली माफी ओठांपर्यंत आली आणि तिथेच थिजली. त्या बाईच्या रिकाम्या बशीकडे तिची नजर गेली आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "अजून थोडं वाढू?"