बाथरूममधली तालीम

"हा माझा नवरा नाही," चुन-इम म्हणाली.

फोटोग्राफर बांगने स्क्रीनवर पुढचा फोटो आणला. तोही तिला पसंत पडला नाही.

"हा तर तो वसुलीवाला गुंड. गरोदर बाईच्या घरातला फ्रिज उचलून नेणारा."

"आणि हा, काकू?"

"हा राजवाड्यातला खोजा. बघा ना, मान कशी आपोआप खाली गेलीये."

स्टुलावर बसलेल्या प्यो जोंग-हाकने चेहरा पाडला. मनातून मात्र तो खूश होता. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

जोंग-हाकला नावाने ओळखणारं सुवॉनमध्ये फारसं कोणी नव्हतं, चेहऱ्याने मात्र सगळा बाजार ओळखायचा. भाजीवाली त्याला इन्स्पेक्टर म्हणायची, न्हावी कर्नलसाहेब. नायकाचा काका, नायिकेच्या बापाचा कारकून, उत्तर कोरियाचा हेर, दारुडा कोळी, भोंदू मांत्रिक, असं काय काय मालिकांमधून त्याचं करून झालं होतं. पोस्टरवर मात्र कधी त्याचा कानसुद्धा आला नाही. अलीकडे तर मालिका सुरू व्हायच्या आधीच तो मेलेला असायचा. काळी फीत लावून नुसता त्याचा फोटो शेवंतीच्या फुलांत ठेवला की काम झालं. आपल्याला घरबसल्या काम मिळतं, असं तो ऐटीत सांगायचा. चुन-इमला ते अपशकुनी वाटायचं.

म्हणूनच बहाणा सोपा होता. खोटे फोटो पुष्कळ झाले, आता एक खरा काढून ठेवू, असं त्याने तिला सांगितलं होतं. उतारवयात अंत्यविधीला लावायचा फोटो आधीच काढून ठेवला की आयुष्य वाढतं, असं सगळेच मानतात.

फोटो हवा होता तो तिचा. तिच्या स्वादुपिंडाचा रिपोर्ट डॉक्टरांनी त्याच्या आणि मुलीच्या हातात ठेवला होता. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं बापलेकीने ठरवलं आणि तिला जठराला सूज आहे म्हणून सांगितलं. चुन-इमचा एकही धड फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की ती कोणाच्या तरी मागे दडायची, आणि सापडलीच तर फ्लॅशला डोळे मिटायची. मुलीच्या लग्नाच्या फोटोतही ती उभ्याउभ्या झोपलेली दिसते. जोंग-हाकची आई गेली तेव्हा तिच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावावा लागला होता. तीन दिवस लोक येऊन एका धुरकट डागापुढे वाकत होते. ते त्याला अजून सलत होतं. चुन-इमचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

त्यासाठी तो रोज बाथरूममध्ये नळ सोडून तालीम करत आला होता.

"राहू दे," तो आता वैतागून म्हणाला. "या चेहऱ्यात मी काही उरलोच नाही. तू बस बघू जरा. साधं माणूस कसं दिसतं ते पाहतो, मग मलाही जमेल."

वाक्य बरोबर पडलं. शेवटी आवाज किंचित खाली आला, ठरवला होता तसाच.

"मला कशाला मेलं," चुन-इम म्हणाली. पण उठली. आदल्याच आठवड्यात तिने भाचीच्या लग्नाचं निमित्त सांगून केस कुरळे करून घेतले होते. लग्नाला अजून बराच अवकाश होता, पण बायकांचं हे असंच, म्हणून त्याने लक्ष दिलं नव्हतं. बांगने न विचारता स्टूल खाली घेतलं आणि दिवा डावीकडे सरकवला. माणूस कामाचा आहे, जोंग-हाकला वाटलं.

"काकू, इकडे बघा. कॅमेऱ्याकडे."

ती बघेना. ओठ दाबून, हसू आवरत ती नवऱ्याकडेच बघत राहिली. फ्लॅश उडाला. तिचे डोळे उघडेच होते.

परतताना जोंग-हाकने बाजारात दोघांसाठी गरम नूडल्स मागवल्या. तिच्या वाडग्यात उरल्या त्याही त्यानेच संपवल्या.

"आज बरी भूक लागली तुम्हाला," ती म्हणाली.

तो नुसता हसला. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आज झालं होतं आणि ते तिलाच सांगता येत नव्हतं. त्याचं त्याला फार वाईट वाटलं.

गुरुवारी तो एकटाच फोटो आणायला गेला. फ्रेम छान झाली होती.

"हिचे डोळे मिटले नाहीत, नशीबच म्हणायचं," तो बांगला म्हणाला.

बांग मान खाजवत राहिला. त्याच्या पाठीमागच्या फळीवर आणखी एक फ्रेम होती. तिच्यातही चुन-इमच होती. अंगावर लेकीच्या लग्नातला फिका हिरवा हानबोक, केस कुरळे, नजर सरळ कॅमेऱ्यात.

"हा कधी काढला?"

"सांगू नका म्हणाल्या होत्या." बांगने फ्रेम खाली काढून काउंटरवर ठेवली. "तुम्ही दोघं आलात ना, त्याच्या आदल्या आठवड्यात काकू एकट्याच आल्या होत्या. डॉक्टरांना त्यांनी आधीच खोदून विचारलं होतं. फ्लॅशला डोळे मिटायचे, तर सकाळभर इथे बसून सवय केली."

 जोंग-हाकने काउंटरची कड धरली.

"तिला सगळं माहीत होतं? मग माझ्याबरोबर पुन्हा कशाला आली?"

"मी तेव्हाच म्हटलं होतं, काकांना सांगून टाका की. तर म्हणाल्या, 'बाथरूममध्ये रोज तालीम चाललीये यांची, सगळं ऐकू येतं मला. फसवून घेऊन येतील इथे. येऊ द्या, तुम्ही काही बोलू नका. आयुष्यात पहिल्यांदाच मुख्य भूमिका मिळालीये यांना.'"