एक दिवसही खंड नको

"त्या खुर्चीत नको, या स्टुलावर बसा," प्रसेनजीत म्हणाला.

धैर्यशील स्टुलावर बसला. तो कागलच्या एमआयडीसीत एका कंपनीचे संगणक सांभाळायचा. या घरी पहिल्यांदाच आला होता.

टेबलावर प्रसेनजीतच्या बायकोचा, संघप्रियाचा जुना संगणक होता. मेमरी चौसष्ट एमबी. गारगोटीला राहणाऱ्या आईसाठी, तानाबाईंसाठी, तिनं त्यावर पायथन या संगणकभाषेत छोटा प्रोग्राम लिहिला होता. इथं पत्र लिहायचं, तिकडं ते इंटरनेटवर दिसायचं. तानाबाईंना फोनवर ऐकू येत नसे. त्यांची नात अक्षता नेट कॅफेतून पत्र छापून आणी आणि आजीच्या कानाशी ओरडून वाची. मग आजी सांगेल ते उत्तर जाऊन टाइप करी.

"वहिनी कुठं हाईत?"

"जर्मनीत. कंपनीनं पाठवलंय. सहा महिने झाले."

"मजा हाय की! मग अडचण काय?"

"सर्व्हर अडकतो. परवा संध्याकाळपर्यंत पान उघडलं नाही. सासूबाई तोवर जेवल्या नाहीत."

धैर्यशीलनं प्रोग्राम उघडून पाहिला. "पायथनसंगट येतो त्योच सर्व्हर लावलाय. ह्यो एका वेळी एकालाच बघतो. एखादा मधीच लटकला की मागचं सगळं खोळंबलं. मोठा सर्व्हर टाकला तर ह्या मशीनला झेपायचा न्हाय. नवीन मशीन घ्या की."

"मशीन हेच राहील."

"मग चेरीपाय नावाचा सर्व्हर टाकू. हलका हाय. धा जणांना एकदम बघंल. प्रोग्राम थोडाच बदलाय लागंल."

"तिनं मधे मधे टिपणं लिहिलीत. ती पुसू नका. आणि लाईट गेली तर?"

"आली की आपसूक सुरू हुईल. तशी सोय करतो."

"एक दिवसही खंड पडता कामा नये."

धैर्यशील हसला. "बायकोपेक्षा सासूचीच काळजी दिसती!"

प्रसेनजीत हसला नाही.

चार वाजता काम झालं. धैर्यशीलनं प्लग काढला, पुन्हा लावला. मशीन घरघरलं आणि सर्व्हर आपोआप सुरू झाला.

"आता एखादं पत्र टाकून बघा."

प्रसेनजीतनं दोन बोटांनी टाइप केलं. 'आई, इथं थंडी आहे. मी बरी आहे. तू वेळेवर जेव.' खाली लिहिलं, 'संघप्रिया.'

"वहिनी फोनवर सांगत्यात व्हय?"

"हं."

दोघांनी चहा घेतला. नव्या सर्व्हरच्या खिडकीत एक ओळ उमटली. कुणीतरी पान उघडलं होतं. तासाभरानं दुसरी ओळ उमटली.

"बघा, उत्तर बी आलं!" धैर्यशील म्हणाला.

प्रसेनजीतनं ते उघडलं.

'जावई पावणं, संघप्रिया आठवड्यातनं एकदा लिवायची, ते बी इसरायची. सा महिनं झालं, तुमचा एक दिस चुकला न्हाय. माझी लेक गेली, हे मला तवाच कळलं. उद्यापासनं तुमच्याच नावानं लिवा. मी ऐकती.'