पोहण्याची कोरडी परीक्षा

पूरबचाव पथकाची पोहण्याची परीक्षा विहिरीच्या काठावर, प्लास्टिकच्या खुर्च्यांत बसून चालली होती. पाण्यात कुणीच उतरायचं नव्हतं. कपाळाला मनपट्टी बांधायची, डोळे मिटायचे आणि आपण पुरात पोहतोय अशी कल्पना करायची. मेंदू वाचून पट्टीच गुण द्यायची.

तेजल गुरव नापास झाली.

"तुझ्या मनात भीती दिसली," परीक्षक शेंडगेसाहेब यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. "आदित्यकडे बघ, कसा शांत! पहिला आलाय."

आदित्य शांत असणारच. गुडघाभर पाण्यापुढे तो कधी गेलाच नव्हता. तेजलने मात्र गेल्या पुरात शेजारच्या म्हातारीला छपरावरून पोहत आणलं होतं, आणि डोळे मिटताच तिला तोच गढूळ लोंढा दिसला होता.

"साहेब, मला भीती वाटते आणि पोहताही येतं. तुम्ही यातलं काय मोजलंत?"

"यंत्राशी वाद घालू नकोस. पट्टी सोड आणि जपून ठेव. भिजली की कामातून गेली."

तेजल बघतच राहिली. पोहण्याची परीक्षा घेणार, आणि भिजायचं नाही! तिने ओढणी कमरेला करकचून बांधली आणि पट्टीसकट विहिरीत उडी ठोकली.

"पट्टी! अगं, पट्टी!" साहेब कठड्यावरून ओरडले.

तेजल वर आली तेव्हा तिचं कपाळ मोकळं होतं.

"तळाला गेली, साहेब," ती आरामात हातपाय मारत म्हणाली. "आदित्य पहिला आलाय ना? त्यालाच पाठवा काढायला."