बस तीन मिनिटांत

"परत बंद केली," बायको मोबाईलवरून नजर न काढता म्हणाली. "तक्रार क्रमांक अकरा. तक्रारदाराचे समाधान झाले."

"कोणाचं समाधान? माझं?" ड्रायव्हरसाहेबांनी कप असा आपटला की बशी फुटता फुटता राहिली.

चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाल्याला वर्ष उलटलं, तरी शेजारीपाजारी त्यांना ड्रायव्हरसाहेबच म्हणत. शहर स्मार्ट करायचं ठरलं आणि चार महिन्यांपूर्वी घरासमोरच्या थांब्यावर चकचकीत पाटी बसली. पुढची बस किती वेळात येणार, ते लाल अक्षरांत सांगणारी. आठवड्यातच ती 'तीन मिनिटांत' यावर अडकली. बस आली तरी तीन मिनिटं, गेली तरी तीन मिनिटं, दिवसभर बस फिरकली नाही तरी तीनच मिनिटं. तिच्यावर विसंबून लोक उन्हात ताटकळत उभे राहत. खिडकीतून ते पाहून ड्रायव्हरसाहेबांच्या अंगाचा तिळपापड होई. वेळेच्या बाबतीत त्यांनी आयुष्यात कोणाला फसवलं नव्हतं.

तक्रारीसाठी ते चालत सुविधा केंद्रात जात. स्वतः मोबाईल वापरत नसल्यामुळे अर्जावर बायकोचा नंबर देत. खिडकीतला माणूस पावती हातात ठेवी, आणि दोन-तीन दिवसांत निरोप येई. समाधान झाले.

"निर्लज्ज मेले!" बायको म्हणाली. "तुम्ही सोडू नका हं त्यांना. आज बारावी टाका. निळ्या शर्टाला इस्त्री केलीय."

"बारावी-बिरावी काही नाही. आज थेट मुख्य कचेरी. एकदाचा सोक्षमोक्षच लावतो."

"इतक्या लांब कशाला? केंद्रातच जा ना."

"अकरा वेळा गेलो. काय झालं?"

ती कपबशी उचलून आत गेली.

मुख्य कचेरीत भिंतभर पडदे होते आणि त्यांवर सगळं शहर हलत होतं. पहिल्या टेबलावर कळलं, पाटी ठेकेदाराची. दुसऱ्यावर कळलं, ठेकेदार बदलला. तिसऱ्या टेबलावरचा माणूस जेवायला गेला होता, आणि त्याचं जेवण काही संपेना. चार वाजता शेवटी एका अधिकारी बाईंनी त्यांना आत बोलावलं. मुलीच्या वयाच्या असतील.

"पाटी एका दिवसात बदलून देते, काका," रेकॉर्ड बघून त्या म्हणाल्या. "पण तुमच्या सगळ्या तक्रारी तर बंद झाल्यात."

"झाल्या नाहीत, तुम्ही केल्यात! न बघता, न विचारता!" आवाज एवढा चढला की बाहेरच्या माना वळल्या. "मी काय वेडा म्हणून खेटे घालतोय?"

"आम्हाला बंद करताच येत नाही, काका. तक्रारदाराच्या मोबाईलवर चार आकडे जातात. ते तिकडून परत आले, तरच तक्रार बंद होते."

"मग कोणी पाठवले?"

बाईंनी टेबलावरच्या संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. अकराही वेळा नंबर एकच होता. जगात तेवढा एकच नंबर ड्रायव्हरसाहेबांना तोंडपाठ होता.

"खाली अभिप्रायही लिहिलाय, दर वेळी तोच," बाई ओशाळून म्हणाल्या. "आमच्यातल्या कोणी उघडून बघितलेलाच दिसत नाही."

ड्रायव्हरसाहेबांनी चष्मा लावला.

'साहेब, पाटी एवढ्यात दुरुस्त करू नका. निवृत्त झाल्यावर हे आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते, माझ्याशीसुद्धा बोलत नव्हते. आता रोज उठून तुम्हाला शिव्या घालतात. तेवढ्या कृपा करून खाऊन घ्या.'