खाजणाच्या तोंडाशी

उन्हाळ्यात खाजणाच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात, खेकड्याच्या अळ्या नुसत्या बुजबुजतात. पण नवऱ्याने तिथलं पाणी म्हणून जाळीने गाळून आणलेल्या बाटलीत तिला मायक्रोस्कोपखाली एक अळी दिसेल तर शपथ! होते ते गोड्या पाण्यातले किडे. म्हणजे हा होडी घेऊन वर, नदीकडच्या तिच्या माहेरच्या वस्तीवर गेला होता. तिच्या मनात पाल चुकचुकली. "माझं माहेर तर तुटलं. मग तिथे तुझं कोण आहे?" "अगं, जाळीची दोरी तुटली, ती बांधून घेतली आणि तिथेच पाण्यात टाकून पाहिली..." "थापा मारू नकोस!" तिने जाळी हिसकावून उजेडात धरली. दोरीवरची प्रत्येक नवी गाठ उलटी, डावीकडे वळलेली होती. असली गाठ एकच डावखुरा माणूस मारायचा, आणि लग्नापासून त्याने लेकीशी अबोला धरला होता. "काय म्हणाले बाबा?" "म्हणाले, सांगू नकोस; गाठ ओळखते का बघू."