ओडालिसचा घुमट
ओडालिसची आई माद्रिदला एका आजीबाईंची देखभाल करायची. ओडालिस इक्वेडोरमध्ये मावशीकडे राहायची. दर रविवारी दोघी संगणकावरच्या ठोकळ्यांच्या खेळात भेटून आपल्या गावचं चर्च बांधत. घुमटाची गोलाई सारखी बिघडायची, म्हणून ओडालिसने आठवडाभर खपून एक प्रोग्राम लिहिला. माप टाकलं की घुमट तयार. रविवारी आई खेळात आली तेव्हा घुमट उभाच होता. "बघ, एकही ठोकळा चुकला नाही." आई घुमटाभोवती फिरून आली. "हुशार गं माझी बाय. पण मग आता आपण रविवारी काय करायचं?" ओडालिसने घुमट पाडला आणि प्रोग्राम बदलला. आता तो फक्त पुढच्या ठोकळ्याची जागा दाखवू लागला. दोघींनी पुन्हा एकेक ठोकळा लावायला घेतला. "आई, हा चुकीच्या जागी लावलास." "माहितेय," आई म्हणाली. "काढ, परत लावू."